फोटोशॉपमध्ये काळे चौकोन, पट्टे, बिघडलेले रंग: विंडोज उडवण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

कॅनव्हासवर काळे चौकोन उमटतात, ब्रश फिरवला की मागे चरे राहतात, झूम केलं की अर्धा फोटो गायब होतो. नाहीतर नवरीचा चेहरा फोटोशॉपमध्ये पिवळा दिसतो आणि मोबाईलवर तोच फोटो ठणठणीत असतो. यावर कोल्हापुरातल्या कितीतरी स्टुडिओंत एकच उपाय ठरलेला: विंडोज नव्याने टाका. त्यात अख्खा दिवस जातो, ॲक्शन्स (एका बटणावर चालणाऱ्या, आधी नोंदवून ठेवलेल्या पायऱ्या) आणि फॉन्ट उडतात, आणि दोष केबलचा असेल तर तो जिथल्या तिथे राहतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दोष बहुतेकदा या चार ठिकाणी असतो: फाइलमध्ये, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये, ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरमध्ये (विंडोजला ते कार्ड चालवू देणारं सॉफ्टवेअर), किंवा केबल-मॉनिटरमध्ये. आधी ठिकाण पक्कं करा, मग हात घाला. पुढचा क्रम विंडोजवरच्या फोटोशॉपसाठी आहे. लाइटरूममध्ये जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

## तयारी: काहीही बदलण्याआधी

उघडी फाइल 'सेव्ह ॲज' करून नव्या नावाने ठेवा. कॅनव्हास विचित्र दिसत असताना मूळ फाइलवर कंट्रोल + एस मारू नका, कारण दोष पडद्याचा आहे की फाइलचा हे अजून ठरलेलं नाही. पीएसडीची (फोटोशॉपची नेहमीची फाइल) मर्यादा २ जीबी आणि कुठल्याही बाजूला ३०,००० पिक्सेल इतकी असते; फाइल त्यापुढे गेली असेल तर पीएसबी (मोठ्या फाइलींचा प्रकार) निवडा.

हेल्प मेनूतलं 'सिस्टिम इन्फो' उघडा, 'कॉपी' दाबा आणि मजकूर नोटपॅडमध्ये सेव्ह करा. फोटोशॉपची आवृत्ती, ते कुठलं कार्ड वापरतंय, ड्रायव्हर किती जुना आहे, सगळं त्यात असतं. मोबाईलने दोषाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि विंडोजचा रिस्टोअर पॉइंट (सेटिंग बिघडली तर मागे परतायची जागा) करून ठेवा.

ॲक्शन्स वेगळ्या जपा. ॲक्शन्स पॅनेलमध्ये सेट निवडून 'सेव्ह ॲक्शन्स' करा आणि ती फाइल पेनड्राइव्हवर टाका. अल्बम डिझायनरची खरी पुंजी तीच असते आणि पुढच्या एका पायरीत ती उडू शकते.

इशारा: एका वेळी एकच बदल. ड्रायव्हर बदलला, प्रेफरन्सेस (फोटोशॉपची सेटिंग्ज) रिसेट केल्या आणि केबलही बदलली, तर कशाने बरं झालं हे कळत नाही; तोच दोष परत आला की पहिल्यापासून सुरुवात.

## पायरी १: जो दोषच नाही तो वगळा

तक्रारींचा मोठा हिस्सा चुकून दाबल्या गेलेल्या बटणांचा असतो. मात्र तपासायला बसण्याआधी विंडोज + स्पेस दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणा. पत्रिकेचा मजकूर टाइप करून मराठी कीबोर्ड तसाच चालू राहिला, तर एका अक्षराचे शॉर्टकट चालत नाहीत आणि 'फोटोशॉप हँग झालं' असं वाटतं.

- फोटोवर लाल झाक आली: क्विक मास्क चालू आहे, क्यू दाबा. तरी गेली नाही तर लेयर मास्कचं लाल आवरण असेल, बॅकस्लॅश दाबा.
- कॅनव्हास पूर्ण पांढरा किंवा काळा: ऑल्ट धरून लेयर मास्कवर क्लिक झालंय. लेयरच्या थंबनेलवर क्लिक करा.
- फोटो अचानक कृष्णधवल: एकच चॅनेल निवडलं गेलंय. कंट्रोल + २.
- रंग मळकट पडले: 'प्रूफ कलर्स' चालू आहे. कंट्रोल + वाय.
- भडक रंगांवर राखाडी ठिपके: 'गॅमट वॉर्निंग'. कंट्रोल + शिफ्ट + वाय.
- कॅनव्हास तिरका: आर दाबून एस्केप.
- पॅनेल गायब: टॅब. भोवती सगळं काळं: एफ.
- ब्रशचा गोल जाऊन फुली आली: कॅप्स लॉक.

झूमचा घोळ याच पायरीतला. फोटो लहान करून दाखवताना फोटोशॉप मूळ पिक्सेलऐवजी आधीच बनवून ठेवलेल्या छोट्या प्रती वापरतं. पैठणीची जर किंवा कोल्हापुरी साजाचे बारीक मणी ३३ किंवा ६६ टक्क्यांवर पाहिले, तर त्यावर लाटांसारखी नक्षी किंवा दातेरी कडा दिसतात. कंट्रोल + १ दाबून १०० टक्क्यांवर पाहा. नक्षी गेली तर फोटो निर्दोष आहे. १०० टक्क्यांवरही राहिली तर ती कॅमेऱ्यानेच टिपलेली आहे. कॅमेरा रॉ या फोटोशॉपच्या रॉ-एडिटरमधल्या ब्रशला अशी नक्षी घालवणारा 'मॉइरे रिडक्शन'चा स्लायडर असतो, तो फक्त पदरावर चालवा. शार्पनिंग आणि नॉइज यांचा निर्णयही १०० टक्क्यांवरच घ्यायचा.

## पायरी २: चार चाचण्या

इथे घाई झाली की पुढचं सगळं वाया जातं, म्हणून चारही करा.

चाचणी अ, सरकवून पाहणे. फोटोशॉपची खिडकी लहान करून पडद्यावर इकडेतिकडे ओढा. दोष पडद्यावर एकाच जागी राहिला तर मॉनिटर. खिडकीबरोबर सरकला तर सॉफ्टवेअर किंवा कार्ड. फोटोतल्या ठराविक भागाला चिकटून राहिला, झूम करताना त्याच्यासोबत मोठा-लहान झाला, तर फाइल.

चाचणी आ, स्क्रीनशॉट. दोष दिसत असताना विंडोज + शिफ्ट + एस करून चित्र सेव्ह करा आणि मोबाईलवर उघडा. दोष त्यातही दिसला तर तो कॉम्प्युटरच्या आत तयार होतोय. स्क्रीनशॉट स्वच्छ आला तर केबल, पोर्ट, मॉनिटर यांच्यावर संशय. अपवाद नाइट लाइटचा (रात्री पडदा पिवळसर करणारी विंडोजची सोय): तिचा पिवळेपणा स्क्रीनशॉटमध्ये येत नाही.

स्क्रीनशॉट त्याच मॉनिटरवर उघडून तपासणं ही नेहमीची चूक. मॉनिटरच बिघडलेला असेल तर स्वच्छ चित्रही त्यावर बिघडलेलंच दिसणार.

चाचणी इ, जेपीईजी. फाइलची जेपीईजी प्रत काढून दुसऱ्या यंत्रावर उघडा. प्रत चांगली असेल तर ग्राहकाचं काम सुरक्षित आहे. डिलिव्हरी उद्या असेल तर आज फक्त एवढं पाहून काम पूर्ण करा, दुरुस्ती नंतर.

चाचणी ई, सुरुवातीचा लोगो. कॉम्प्युटर बंद करून चालू करा. कंपनीच्या लोगोवर किंवा बायोसच्या (विंडोजआधी येणाऱ्या सेटिंगच्या) पडद्यावरही पट्टे आणि ठिपके असतील, तर विंडोज आणि फोटोशॉप दोन्ही निर्दोष. थेट पायरी ४, आणि तिथे काही सापडलं नाही तर पायरी ९.

## पायरी ३: फाइलच बिघडली असेल तर

जेपीईजीचा खालचा भाग राखाडी, किंवा मधूनच रंग बदलून फोटो आडवा सरकलेला: डेटा अर्धवट उतरलेला आहे. कार्डवरून कॉपी होताना रीडर हलला, किंवा कार्डच खराब होत चाललंय. कार्ड फॉरमॅट न करता दुसऱ्या रीडरने पुन्हा कॉपी करा. तेच कार्ड दुसऱ्या लग्नाला कॅमेऱ्यात घालू नका.

आज एक फोटो बिघडला, उद्या दुसराच, आणि मूळ कार्डवर मात्र दोन्ही चांगले: मग रॅमवर संशय घ्या. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून चालवा. एकही चूक निघाली तर रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासायच्या. अशा यंत्रावर काम चालू ठेवणं म्हणजे प्रत्येक सेव्हला फाइल पणाला लावणं.

लाइटरूममध्ये ग्रिडमधला फोटो बिघडलेला आणि मूळ फाइल चांगली असेल, तर प्रीव्ह्यू बिघडलेत. लाइटरूम बंद करून कॅटलॉगशेजारचं 'प्रीव्ह्यूज' नावाचं, 'एलआरडेटा' शेपटाचं फोल्डर हलवा; प्रीव्ह्यू पुन्हा तयार होतात. 'एलआरकॅट' शेपटाच्या फाइलला हात लावू नका. केलेलं सगळं एडिटिंग तिच्यात असतं.

## पायरी ४: केबल, पोर्ट आणि मॉनिटर म्हणून लावलेला टीव्ही

सगळ्यात आधी सीपीयूच्या मागे बघा. एचडीएमआयची पिन मदरबोर्डच्या पोर्टमध्ये आहे की ग्राफिक्स कार्डच्या? मदरबोर्डचे पोर्ट वर, यूएसबीच्या रांगेत असतात. कार्डाचे खाली, आडव्या पट्टीत. पैसे घालून कार्ड बसवायचं आणि केबल मदरबोर्डलाच ठेवायची, हे साफसफाईनंतर हमखास होतं. दोन मॉनिटर असतील तर दोन्ही एकाच कार्डाला जोडा. एक इकडे, एक तिकडे असेल तर फोटो एका मॉनिटरवरून दुसरीकडे ओढताना कॅनव्हास काळा पडू शकतो.

पांढरे चमचमते ठिपके, दोन-तीन सेकंद पडदा काळा होऊन परत येणं ही एचडीएमआय केबलची लक्षणं. लांब केबल काढून दीड-दोन मीटरची लावून पाहा. जुन्या व्हीजीए केबलचा दोष रंगात उतरतो: निळी पिन सुटली की चित्र पिवळं, हिरवी सुटली की गुलाबी-जांभळं. केबल हलवल्यावर रंग बदलला की तपास संपला.

आता टीव्ही. मोठा पडदा स्वस्तात मिळतो म्हणून बरेच जण मॉनिटरऐवजी टीव्ही लावतात आणि त्यात तीन गोष्टी बिघडतात.

1. काळा रंग राखाडी दिसतो, किंवा सावल्या ठार काळ्या होतात. टीव्ही १६ ते २३५ इतकीच रेंज धरतो आणि कॉम्प्युटर ० ते २५५ पाठवतो, किंवा उलट. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'चेंज रेझोल्यूशन' खाली 'आउटपुट डायनॅमिक रेंज' 'फुल' करा आणि टीव्हीच्या मेनूतली 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' त्याच्याशी जुळवा. अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या फोटोत हा घोळ लगेच पकडता येतो: गाभाऱ्यातला अंधार एकतर धुरकट दिसतो, नाहीतर किरणांबाहेरचं सगळं बुडून जातं.
2. लाल अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात. रंगाची माहिती कमी करून पाठवली जातेय. 'आउटपुट कलर फॉरमॅट' आरजीबी करा आणि टीव्हीवर त्या पोर्टचं नाव 'पीसी' ठेवा.
3. कडेचे मेनू कापले जातात. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा '१:१' निवडा.

टीव्हीचे 'व्हिव्हिड' आणि 'डायनॅमिक' मोड बंद. त्यावर रंग ठरवलेला अल्बम छापून आला की फिकाच वाटणार.

तपासा: इथे दोष गेला असेल तर थांबा. पुढच्या पायऱ्या करायची गरज नाही.

## पायरी ५: ग्राफिक्स प्रोसेसर बंद करून पाहा

स्क्रीनशॉटमध्येही दोष आला असेल तर ही पायरी. कंट्रोल + के, मग 'परफॉर्मन्स', 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर'ची खूण काढा, फोटोशॉप पूर्ण बंद करून उघडा आणि तीच फाइल, तोच झूम, तोच ब्रश वापरून पाहा.

दोष तसाच राहिला: खूण परत लावा आणि पायरी ७ ला जा.

दोष गेला: कार्ड किंवा ड्रायव्हर. इथेच बहुतेकजण थांबतात आणि खूण कायमची काढून ठेवतात. तसं करू नका. ती बंद असताना रोटेट व्ह्यू, पिक्सेल ग्रिड, स्क्रबी झूम, पर्स्पेक्टिव्ह वॉर्प चालत नाहीत आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो. खूण काढणं हे निदान आहे. खूण परत लावा आणि एकेक करून पाहा:

1. जुन्या आवृत्तीत 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये 'ड्रॉइंग मोड' असतो. तो 'बेसिक' करा. कार्डाची मेमरी त्यात सगळ्यात कमी लागते.
2. नव्या आवृत्तीत 'टेक्नॉलॉजी प्रीव्ह्यूज'मध्ये 'डीॲक्टिव्हेट नेटिव्ह कॅनव्हास' आहे. खूण लावा, रीस्टार्ट करा.
3. 'मल्टीथ्रेडेड कंपोझिटिंग' दिसत असेल तर ते काढून पाहा. लेयर हलवताना येणारे चौकोन कधीकधी याने जातात.
4. लॅपटॉपवर विंडोज सेटिंग्जमधल्या 'डिस्प्ले'खाली 'ग्राफिक्स' उघडून फोटोशॉपला 'हाय परफॉर्मन्स' द्या, नाहीतर ते इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सवरच चालत राहू शकतं.
5. पडद्यावर स्वतःचं काही रंगवणारी ॲप बंद करा: एफपीएसचा आकडा दाखवणारी, स्क्रीन रेकॉर्डर, लांबून कॉम्प्युटर चालवायची.

कार्ड पुरतं का, याचाही अंदाज घ्या. १२ बाय ३६ इंचाचं अल्बम शीट ३०० डीपीआयवर ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल होतं. त्याचा पूर्ण भरलेला एक लेयर ८ बिटमध्ये सुमारे ११७ एमबी, १६ बिटमध्ये दुप्पट. अशी सहा शीटं टॅबमध्ये उघडी, बाजूला क्रोमचे वीस टॅब, आणि कार्ड १ जीबीचं. इथे दोष नाही, गर्दी आहे. एका वेळी दोन शीटं उघडा.

नव्या फोटोशॉपला डायरेक्टएक्स १२ पेलणारं, किमान १.५ जीबी मेमरीचं कार्ड लागतं. हेल्प मेनूत 'जीपीयू कंपॅटिबिलिटी' असेल तर तिथे स्पष्ट कळतं. जीटी ७१० सारख्या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी ४७० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका होती. त्या कार्डावर नव्या फोटोशॉपशी झगडत बसू नका. आणि क्रॅक केलेलं फोटोशॉप असेल तर अपडेट बंद असतात, म्हणजे ॲडोबीने पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केलेला दोष तुमच्याकडे कायमचा.

## पायरी ६: ड्रायव्हर

तात्पुरता अडकलेला ड्रायव्हर विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी ने मोकळा होतो; पडदा क्षणभर मिटतो आणि बीप येतो. काम वाचवायला हे उपयोगी आहे. दोष वारंवार येत असेल तर मात्र पुढे चला.

दोष विंडोज अपडेटनंतर सुरू झाला का? मग नवा शोधण्याआधी जुना परत आणा: डिव्हाइस मॅनेजर, 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स', कार्डाची प्रॉपर्टीज, 'ड्रायव्हर', 'रोल बॅक ड्रायव्हर'.

तो पर्याय फिका असेल तर या क्रमाने:

1. कार्ड कंपनीच्या अधिकृत साइटवरून ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा. एनव्हिडियाचा असेल तर 'गेम रेडी' न घेता 'स्टुडिओ ड्रायव्हर' घ्या. लॅपटॉपचा असेल तर आधी लॅपटॉप कंपनीची साइट पाहा.
2. इंटरनेट तोडा. नाहीतर जुना निघताक्षणी विंडोज आपल्या मनाने दुसरा बसवतं.
3. इन्स्टॉल करताना 'कस्टम' आणि 'परफॉर्म अ क्लीन इन्स्टॉलेशन' निवडा.
4. रीस्टार्ट करा, फोटोशॉप तपासा, मग इंटरनेट जोडा.

'ड्रायव्हर बूस्टर' छापाची सॉफ्टवेअर वापरू नका. ती कुठून कुठला ड्रायव्हर आणतील याचा नेम नसतो.

## पायरी ७: प्रेफरन्सेस रिसेट

ॲक्शन्स जपल्या आहेत ना? ब्रश आणि ग्रेडियंटसाठी एडिट मेनूतल्या 'प्रीसेट्स'खालून एक्स्पोर्ट करा. मग फोटोशॉप बंद करा, आयकॉनवर डबलक्लिक करा आणि लगेच कंट्रोल + ऑल्ट + शिफ्ट तिन्ही दाबून धरा. सेटिंग्ज फाइल काढू का, असा प्रश्न येईल, 'येस'. प्रश्न आलाच नाही तर रिसेट झालेलं नाही, बोटं उशिरा पडली. लाइटरूम क्लासिकसाठी ऑल्ट + शिफ्ट.

नंतर जुनी सेटिंग एका दमात परत लावू नका. आधी तासभर काम करा.

## पायरी ८: फक्त रंग चुकत असतील तर

चौकोन नाहीत, पट्टे नाहीत, पण फोटोशॉपमध्ये सगळं पिवळट आणि इतर ॲपमध्ये बरं: मॉनिटरचं प्रोफाइल (तो रंग कसे दाखवतो हे सांगणारी फाइल) बिघडलंय. आधी नाइट लाइट आणि एचडीआर बंद करा. मग स्टार्टमध्ये 'कलर मॅनेजमेंट' शोधून उघडा, आपला मॉनिटर निवडा, 'यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस'वर खूण करा, 'ॲड' करून एसआरजीबीचं प्रोफाइल घ्या, 'सेट ॲज डिफॉल्ट प्रोफाइल' दाबा. फोटोशॉप बंद करून उघडा. पिवळेपणा गेला तर कारण सापडलं. कायमचा उपाय म्हणजे कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजणारं यंत्र) लावून स्वतःचं प्रोफाइल बनवणं.

इशारा: 'कलर सेटिंग्ज'मधल्या 'वर्किंग स्पेस'ला मॉनिटरचं प्रोफाइल देऊ नका. तिथे एसआरजीबी ठेवा. मॉनिटरचं प्रोफाइल विंडोजमध्ये आणि वर्किंग स्पेस फोटोशॉपमध्ये. या दोघांची अदलाबदल झाली की प्रत्येक यंत्रावर रंग वेगळा.

जोतिबाच्या चैत्र यात्रेतले गुलालाचे फोटो उघडले की 'मॉनिटर गेला' अशी शंका येते. गर्दीवरचा गुलाल सपाट गुलाबी डाग दिसतो, त्यात ना घडी ना धूळ. हिस्टोग्राम पाहा: लाल चॅनेल उजव्या भिंतीला धडकलेलं असतं. मॉनिटरचा काही संबंध नाही. कॅमेरा रॉमध्ये एक्स्पोजर थोडं उतरवा, लाल आणि मॅजेंटाचं सॅच्युरेशन कमी करा, गुलालातली पावडर परत दिसू लागते. आणि तोच फोटो फ्लेक्ससाठी सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंचे रंग) नेला की गुलाल मंदावणारच. तो शाईचा आवाका आहे.

रंकाळ्याच्या संध्याकाळच्या आभाळात पायऱ्या-पायऱ्या दिसत असतील तर फाइल १०० टक्क्यांवर पाहा, मग दुसऱ्या चांगल्या मॉनिटरवर. दुसरीकडे गुळगुळीत असेल तर तुमच्या पॅनेलची मर्यादा. दोन्हीकडे पायऱ्या असतील तर रॉ फाइल १६ बिटमध्ये उघडून एडिट पुन्हा करावं लागेल. ८ बिटची जेपीईजी १६ बिटमध्ये बदलून गेलेले टप्पे परत येत नाहीत.

## पायरी ९: उष्णता, ओल आणि कार्ड

पंधरा-वीस मिनिटं काम केल्यावर दोष येतो आणि यंत्र थंड झालं की जातो: तापमान. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये जीपीयूचं (ग्राफिक्स कार्डाच्या चिपचं) तापमान दिसतं. ८५ अंशांच्या वर टिकून राहत असेल तर पंखे आणि धूळ तपासा. इव्हेंट व्ह्यूअरच्या 'सिस्टिम' नोंदींत 'डिस्प्ले'ची ४१०१ क्रमांकाची नोंद पुन्हापुन्हा असेल, तर ड्रायव्हर प्रतिसाद देणं थांबवून पुन्हा सुरू होतोय. नवा ड्रायव्हर टाकूनही ती येत राहिली तर कार्ड किंवा पॉवर सप्लाय.

पावसाळ्यात चार दिवस बंद राहिलेलं यंत्र चालू केल्यावर पट्टे आले, तर संपर्कबिंदूंवरची ओल आणि गंज आठवा. वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग कार्ड उपसा. सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, खटका बसेपर्यंत परत बसवा. खोडरबर चालवायची पद्धत सगळीकडे आहे, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवं दुखणं. पेट्रोल आणि परफ्यूम तर नकोच.

तरीही पट्टे असतील तर ओळखीतल्या कुणाचं चालू कार्ड तासभर लावून पाहा. त्यावर चित्र स्वच्छ आलं की तुमचं कार्ड दुरुस्तीला द्या. सोबत स्क्रीनशॉट, मोबाईलवरचा व्हिडिओ आणि सिस्टिम इन्फोची फाइल पाठवा, आणि 'फॉरमॅट करायचं नाही' असं पावतीवर लिहून घ्या. अख्खा सीपीयू ठेवावा लागला तर अल्बमच्या फाइली असलेली डिस्क काढून घ्या. कार्ड दुसऱ्या डिस्कवरूनही तपासता येतं.